माझ्या वाटणीची गोळी

भावकीत माणूस कशावरून जळतो? बांधावरून, बैलावरून, फार तर विहिरीच्या पाळीवरून. मी जळालो एका गोळीवरून. बंदुकीच्या. करंगळीच्या पेरापेक्षा जराशी लहान. जर्मनच्या पहिल्या लढाईत, इराकात बसऱ्याच्या पलीकडं, ती माझ्यासाठी निघाली होती आणि लागली माझ्या चुलतभावाला. पुढं जवळजवळ तीस वर्षं सरकार त्या गोळीबद्दल त्याला पेन्शन देत राहिलं आणि मी समोरच्या घराच्या कट्ट्यावर बसून ते बघत राहिलो. असं बघितलं की आमच्या दोन घरांमधल्या बोळातलं गवत करपलं. खोटं वाटत असेल त्यानं येऊन बघावं. तिथं अजून काही उगवत नाही.

नावं सांगत नाही. अर्धं गाव एकाच आडनावाचं, त्यात कुणाचं कुणाला कळणार. भावाला मी अण्णा म्हणायचो, कारण तो माझ्याहून चार महिन्यांनी मोठा. चार महिन्यांत वांगीसुद्धा धड निघत नाहीत, पण तेवढ्या भांडवलावर त्यानं जन्मभर माझ्याकडून मान घेतला. तिथूनच सुरुवात झाली म्हणा.

आमचं गाव बेळगावहून खानापूरच्या रस्त्याला, पिरनवाडीच्या पुढं. भरती करणारे लोक आले तेव्हा आम्ही दोघंही विशीच्या आत होतो. मारुतीच्या देवळासमोर टेबल मांडलं, एक गोरा साहेब बसला आणि त्याच्या शेजारचा सुभेदार मराठीत सांगू लागला, "लढणारा असू दे, न्हायतर ओझं वाहणारा असू दे, सरकार समद्यास्नी सारखंच सांभाळणार." मी हे वाक्य तिथल्या तिथं पाठ केलं. शाळेत चौथीपर्यंत चार वर्षांत मी जे पाठ केलं ते सगळं विसरलो, हे एक वाक्य राहिलं. पुढं मी ते इतक्या कचेऱ्यांत म्हणून दाखवलं की तिथल्या पट्टेवाल्यांनाही तोंडपाठ झालं होतं.

मग छाती मोजली. अण्णानं आदल्या दिवसापासून श्वास धरून ठेवला होता असं मला वाटतं. पट्टी त्याच्या अंगाभोवती पुरेना. माझी छाती त्याच्यापेक्षा दांडगी, हे सगळ्या गावाला माहीत. पण पट्टी गुंडाळायला आणि मला शिंक यायला एकच गाठ पडली. शिंक अशी बसली की देवळातली घंटा वाजली. शिंकेनंतर माणूस रिकामा होतो. तेवढ्या रिकाम्या क्षणाला सुभेदारानं आकडा वाचला आणि म्हणाला, "अर्धा इंच कमी. ह्याला खेचरांकडं द्या."

अण्णाला बंदूक मिळाली. मला खेचर मिळालं.

खेचराला नाव नव्हतं, नंबर होता. मला नाव होतं, पण हाक नंबरानंच मारायचे, त्यामुळं आम्ही दोघं बरोबरीचे झालो. जहाजात ते माझ्यापेक्षा कमी ओकलं. बसऱ्याच्या पुढं गेल्यावर आमचं काम एकच: पाण्याच्या पखाली आणि काडतुसांच्या पेट्या खेचरावर लादायच्या आणि खंदकापर्यंत न्यायच्या. तिथली धूळ म्हणजे पिठाच्या गिरणीत वावटळ शिरल्यासारखी. गोळ्या आमच्याही डोक्यावरून जायच्या. गोळीला कुठं कळतं की ह्याची छाती अर्धा इंच कमी भरलीय म्हणून ह्याला सोडावं. आमच्यातला खानापूरकडचा एक जण पटकीनं गेला. त्याच्या घरी दोन ओळींचं पत्र आलं. दुसरं काही आलं नाही. हे मी गमतीनं सांगत नाही.

तर ती गोळी. सकाळची वेळ होती. मी पखाली घेऊन अण्णाच्या पलटणीकडं गेलो. अण्णा खंदकातून वर येऊन पाणी प्यायला माझ्या मागं उभा राहिला. मी म्हणालो, "अण्णा, आदी खेचराला पिऊ दे, त्यानं वझं आणलंय." तो म्हणाला, "व्हय, तुझ्यापरास त्येलाच अक्कल हाय." मी उत्तर देणार एवढ्यात खेचरानं मला बाजूला अशी ढुसणी दिली की मी दोन हात लांब जाऊन पडलो. आणि त्याच क्षणी, मी जिथं उभा होतो तिथून, माझ्या डाव्या पोटरीच्या जागेतून सूंऽऽ करत गोळी गेली आणि मागं उभ्या असलेल्या अण्णाच्या डाव्या पोटरीत बसली.

लोक म्हणतात, खेचरानं जीव वाचवला. जीव कसला? पोटरी वाचवली. पोटरीत गोळी लागून कोण मेलंय? मी तिथंच उभा असतो तर गोळी मला, इस्पितळ मला, दूध मला आणि पुढचं सगळंच मला. म्हणजे आधी माझ्या छातीनं घात केला, नंतर खेचरानं.

आता जे सांगतो ते मी तीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

चार दिवसांनी मी अण्णाला भेटायला इस्पितळाच्या तंबूत गेलो. तो पांढऱ्या चादरीच्या खाटेवर, दोन्ही पायांवर कांबळं घेऊन, जमीनदारासारखा पडला होता. उशाशी दुधाचा पेला. मला म्हणाला, "ये रं. लई धुळीचा आलास, हितं टेकू नगंस." तेवढ्यात जखमींची यादी करत एक कारकून आला. चष्मा, हातात वही, कानावर पेन्सिल. तो धारवाडकडचा, कन्नड बोलणारा. अण्णानं गाव बेळगावचं सांगताच तो हरखला, "ओहो! नम्म कडेयवरु!" म्हणजे आपल्याकडचेच. आणि परमुलखात आपल्याकडचा माणूस भेटल्याच्या आनंदात तो पुढचं सगळं कन्नडमध्येच विचारू लागला.

अण्णाला कन्नड यायचं नाही. आमचं गाव सगळं मराठी. बाजारात भाव करण्यापुरतं आणि कुणाला शिवी देण्यापुरतं, तेवढंच त्याचं कन्नड. मला मात्र चांगलं यायचं, कारण माझं आजोळ निपाणीच्या पलीकडं, चिकोडीकडं. तिथले शेजारी जैन, तंबाखूची शेती करणारे. त्यांच्या पोरांत मी कन्नडमध्येच हागलो-मुतलो आणि भांडलो.

कारकुनानं विचारलं, "बलगालो, एडगालो?"

कन्नडमध्ये बल म्हणजे उजवा आणि एड म्हणजे डावा. गोळी उजव्या पायाला लागली की डाव्या, एवढाच साधा प्रश्न. पण अण्णाला त्यातला एकच शब्द कळला: बळ. त्याला वाटलं, साहेब विचारतोय, कुठल्या पायात बळ आहे? त्यानं कांबळ्यावरून उजव्या मांडीवर थाप मारली आणि मोठ्या उत्साहानं सांगितलं, "बळ ह्यात हाय, सायेब! ह्यो ठणठणीत!"

कारकुनानं लिहिलं: उजवा पाय.

मी तिथं उभा होतो. दोन हातांवर. "अल्ला, एडा," म्हणजे नव्हे, डावा, एवढे दोन शब्द म्हणायचे होते. जीभ टाळ्याला लावलीही होती. मग माझी नजर त्या दुधाच्या पेल्यावर गेली. जाड साय आली होती. मी जीभ खाली घेतली.

एवढंच. मोठं काही नाही. मनात म्हटलं, घरी चाललाय, दूध पितोय, माझ्या गोळीवर माणूस झालाय. कागदात जरा अडकू दे. आणि परत खेचराकडं गेलो.

लढाई संपल्यावर मी गावी आलो तेव्हा अण्णाचं पेन्शन नुकतंच मंजूर झालं होतं. मला एक कांबळं मिळालं, बसऱ्याच्या धुळीचा खोकला मिळाला आणि एक कागद मिळाला. कागद इंग्रजीत. तो घेऊन मी शाळेच्या मास्तरांकडं गेलो. मास्तरांनी वाचून सांगितलं, "ह्यात तुम्हाला फॉलोअर म्हटलंय."

"म्हंजे?"

"म्हणजे... पाठीमागून येणारा."

बस्स. त्या दिवसापासून गावात अण्णा झाला 'पेन्शनर' आणि मी झालो 'मागनं येणारा'. लग्नाच्या पंगतीत कुणी हाक मारायचं, "अवो, पेन्शनर, फुडं बसा! आनि त्ये मागनं येनारं कुटं हाईत? त्यास्नी मागच्या पंगतीला घ्या." चावडीवर मामलेदार आला की खुर्ची अण्णाला. गावात खुर्च्या दोन: एक मामलेदाराला, एक त्याला. त्याच्या पोरांची शाळेची फी माफ. छातीवर बिल्ला, तो दसऱ्याला चिंचेनं घासून लावायचा, आणि असा चकाकायचा की सोनं लुटायला आलेली माणसं आंधळी होऊन दुसऱ्याच्याच पाया पडायची. वहिनीला दरवर्षी शहापूरच्या मागावरचं नवं लुगडं. तंबाखूसुद्धा निपाणीचाच ओढायचा, आणि धूर मुद्दाम आमच्या दाराकडं सोडायचा. वारा उलटा असला तर थांबून राहायचा.

आमची मंडळी उचगावची. उचगावच्या बायकांचं बोलणं सरळ. "अवो," ती म्हणायची, "तुमी बी त्याच बोटीनं गेलता न्हवं?"

"व्हय."

"मग त्यास्नी काय मिळालं ते दिसतंय. तुमी काय आनलं?"

मी खोकून दाखवायचो.

मीही अर्ज केले. कचेरीसमोर झाडाखाली बसणाऱ्या अर्जनविसाचं एक पोरगं माझ्या अर्जांवर शिकून वकील झालं. प्रत्येक अर्जात मी ते वाक्य घालायचो: लढणारा असो की ओझं वाहणारा, सरकार सगळ्यांना सारखंच सांभाळणार. प्रत्येक वेळी उत्तर एकच, की आपल्या वर्गातील इसमांस ही सवलत लागू नाही. आणि ते वाक्य कुणी बोलल्याची कुठल्या दप्तरात नोंद नाही.

असो. अण्णाच्या पायाचं सांगत होतो.

पहिलं पेन्शन आणायला तो बेळगावच्या लष्करी कॅम्पात गेला तेव्हा डाव्या पायानं लंगडत गेला, आणि परत आला तो उजव्या पायानं लंगडत. वाटेत भेटणारी माणसं थांबून बघू लागली. कचेरीत त्याचा कागद वाचून दाखवला होता: उजव्या पायाला गोळी. हा घाबरला. चूक सांगावी तर म्हणतील, खोटा माणूस आहेस. पेन्शन बंद करतील, वर तुरुंगात घालतील. तेव्हा ह्यानं तिथंच, साहेबासमोर, पाय बदलला. पुढं कुठून कोण सरकारी माणूस बघेल ह्याचा नेम नाही, म्हणून घराबाहेर तो कायम उजव्या पायानंच लंगडू लागला. घरात डाव्या. उंबऱ्यावर पाय बदलायचा. मी कट्ट्यावरून बघायचो. आमच्या गावात तेवढी दुसरी करमणूक नव्हती.

गावानं विचारलं, "अण्णा, पयला डावा हुता न्हवं?"

तो धोतर सावरू लागला. मीच उत्तर दिलं, "गोळी अजून आतच हाय. ती फिरती. गेल्या आमुशेला माझ्या देखत कमरेतनं पलीकडं गेली. कान लावला तर घरंगळल्याचा आवाज येतोय."

गावानं विश्वास ठेवला. दोन-तीन म्हाताऱ्यांनी खरोखरच कान लावून बघितला आणि ऐकू आलं म्हणाल्या. अण्णानं त्या दिवशी माझ्याकडं मोठ्या उपकाराच्या नजरेनं बघितलं. मी मान खाली घातली नाही. मी काय त्याच्यासाठी सांगितलं होतं? ती चूक मला माझ्यासाठी जपून ठेवायची होती. बायको पैंजण पेटीत ठेवते तशी. कधीतरी उपयोगी पडेल.

उपयोग करायला निघालोही होतो. एका वर्षी अण्णाच्या थोरल्या मुलाला, फौजी माणसाचा मुलगा म्हणून, सरकारी नोकरी लागली, आणि माझा मुलगा त्याच जागेसाठी गेला होता. मी निनावी अर्ज लिहिला: अमुक पेन्शनराच्या उजव्या पायास गोळी लागलेली नसून धोतर वर करून पाहावे. पत्र घेऊन पोस्टापर्यंत गेलो. पेटीच्या तोंडात हात घातला. बाहेर काढला तर पत्र हातातच. परत घातला, परत बाहेर. असं बारा वेळा. शेवटी पोस्टमास्तर आतून ओरडला, "अहो, पत्र टाकताय की पेटी दोहताय?" मी ते पत्र घरी आणून चुलीत घातलं. जळतानासुद्धा त्याचा अण्णाच्या तंबाखूसारखा वास आला.

अशी वर्षं गेली. दुसरी लढाई झाली, संपली. इंग्रज आता जाणार, असं चावडीवर बोलू लागले. आणि त्याच सुमारास कॅम्पातून अण्णाला पत्र आलं: जुन्या जखमी पेन्शनरांची फेरतपासणी होणार. डॉक्टरसमोर हजर व्हावे. जखमेचा व्रण दाखवावा. जखम होताना पाहिलेला साक्षीदार सोबत आणावा.

तीस वर्षांत अण्णाला कुणी धोतर वर करायला सांगितलं नव्हतं. आता सांगणार होते. व्रण डाव्या पोटरीवर, कागदावर उजवा पाय. पेन्शन तर जाणारच. फसवणुकीचा खटलाही व्हायचा आणि त्या पेन्शनवर लागलेल्या मुलाच्या नोकरीवरही यायचं. आणि साक्षीदार? त्या सकाळी तिथं होती ती माणसं एकेक करून गेली होती. उरलो मी. आणि खेचर, पण ते कुठं असेल माहीत नाही.

तो माझ्या दारात आला. तीस वर्षांत पहिल्यांदा. कट्ट्यावर टेकला आणि बराच वेळ काठीचं टोक जमिनीत फिरवत राहिला.

"येशील का रं?" म्हणाला.

"कशाला?"

"साक्षीला."

"मी आपला मागनं येनारा. माझी साक्ष कोन धरनार?"

"टोमणं नगं मारूस. तुला समदं ठावं हाय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "सांग की गोळी उजव्यातनं शिरली आनि डाव्यातनं भाईर आली. तुला काय, तू तर रोज ह्येच्यापरास मोटं सांगतोस. मामलेदाराला सांगिटलास की बसऱ्यात म्हशीएवढं डास हाईत, त्येनं लिवून घेटलं."

काय सांगू, ऊर भरून आला. आयुष्यभर खोटं बोललो ते फुकटात. लोक ऐकायचे आणि धोतर झटकून निघून जायचे. पहिल्यांदा कुणीतरी माझ्या दारात खोटं मागायला आलं होतं. मी 'येतो' म्हणालो. पण तिथं जाऊन काय बोलणार हे मी स्वतःलाही सांगितलं नाही. बैलगाडीत त्याच्या शेजारी बसलो तेव्हा माझ्या एका खांद्यावर 'सांभाळून घे' बसलं होतं आणि दुसऱ्यावर 'आता बघ कसा सापडलाय'. बैलांना ओझं जाणवलं असणार, ती हळू चालली.

कॅम्पात एका लांबट खोलीत डॉक्टर बसला होता. आपल्याच देशातला, कॅप्टन, पण बोलणं हिंदुस्थानीत. शेजारी कारकून. तरुण, कन्नड मुलखाचा, कपाळाला भस्माची बोटं, समोर अण्णाचा जुना कागद. डॉक्टर म्हणाला, "धोती उपर करो."

अण्णानं माझ्याकडं बघितलं. मी पुढं झालो आणि सुरुवात केली, "साहब, गोळी ऐसी थी की एक पाव में घुसी..."

"तुम चुप," डॉक्टर म्हणाला. खाली वाकला. उजवी पोटरी बघितली: साफ. डावी बघितली: पैशाएवढा खड्डा. कागद बघितला. मग टेबलावरची लाल पेन्सिल उचलली आणि काही न बोलता कागद पुढं ओढला.

अण्णाचं धोतर तसंच दोन्ही हातांनी वर धरलेलं, खाली सोडायचंही त्याला सुचेना. सत्तरीचा दिसत होता, होता पन्नाशीचा. तीस वर्षं मी ह्या घडीची वाट बघितली होती. ती अशी दिसेल असं वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं, तेव्हा त्याच्या छातीवर बिल्ला असेल.

मी कारकुनाकडं वळलो आणि कन्नडमध्ये बोललो. सगळं. इस्पितळाचा तंबू, चष्म्याचा कारकून, कांबळं, बलगालो की एडगालो, आणि ह्यानं मांडीवर मारलेली थाप. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. खरं बोलायला इतका थोडा वेळ लागतो हे मला त्या दिवशी कळलं.

कारकून ऐकत होता. मग त्यानं कन्नडमध्येच विचारलं, "तुम्ही तिथं होता?"

"होतो."

"कन्नड तेव्हाही येत होतं?"

"येत होतं."

"मग बोलला का नाही?"

मी खूप शोधलं. पण तीस वर्षांचं एकाच शब्दात मावणारं होतं आणि तो शब्द कन्नडच होता.

"होट्टेकिच्चु," मी म्हणालो. पोटातली आग.

कारकून हसला नाही. त्यानं डॉक्टरला इंग्रजीत सांगितलं. डॉक्टर म्हणाला, कशावरून खरं? तेव्हा तो कारकून अण्णाकडं वळला आणि अगदी सहज, जुन्या कारकुनानं विचारलं असेल तसंच, विचारलं, "अज्जा, गुंडु बिद्दिद्दु बलगालो, एडगालो?" आजोबा, गोळी उजव्या पायाला लागली की डाव्या?

आमचं बोलणं अण्णाला कळलेलं नव्हतं. भेदरलेला माणूस, त्याच्या कानात तेवढा एकच शब्द शिरला. धोतराचा एक सोगा सोडून त्यानं उजव्या मांडीवर थाप मारली आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "बळ? बळ कुटलं आता, सायेब! आदी ह्यात हुतं. आता ह्यात बी न्हाय."

कारकुनानं तोंडावर वही धरली. डॉक्टरला अर्थ सांगितला तेव्हा तो खुर्चीत मागं रेलून इतका हसला की बाहेरचा शिपाई आत डोकावला. मग हसणं थांबवून तो परत वाकला आणि ह्या खेपेला अण्णाचा उजवा गुडघा हातात धरून वाकवू लागला. गुडघा वाकेना. तीस वर्षं तो पाय खोटा वाकडा टाकून टाकून खरोखर वाकडा झाला होता. गुडघ्याची वाटी गोव्याच्या रस्त्यावरच्या गाडीच्या चाकासारखी बाहेर कलली होती.

"यह कैसे हुआ?" डॉक्टरनं मला विचारलं.

"साहब," मी म्हणालो, "सरकार का कागज झूठा न पडे, इसलिए."

डॉक्टरनं गुडघा हळूच खाली सोडला. मग लाल पेन्सिल ठेवली, टाक घेतला आणि लिहिलं. डावा पाय, गोळीनं. उजवा पाय, त्याच्यामुळं झालेलं अपंगत्व. दोन्ही. पेन्शन वाढवण्याची शिफारस.

वाढवण्याची!

मी परत वाचायला लावलं. कारकुनानं परत वाचलं. खाली साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. सरकारी दप्तरात माझं नाव सन्मानानं आलं ते एकदाच, आणि तेही अण्णाच्या दोन पायांच्या खाली. जाता जाता मी डॉक्टरला म्हणालो, "साहब, मैं भी उसी बोट से गया था." डॉक्टरनं कारकुनाकडं बघितलं. कारकुनानं मान हलवली. मी त्या मान हलवण्याला ओळखत होतो.

गाडी पिरनवाडीपर्यंत आली तेव्हा अण्णा बैलांकडं बघतच म्हणाला, "त्या कारकुनाला काय सांगिटलास?"

"खरं त्ये सांगिटलं."

"कन्नडात बोलत हुतास. कवापासनं येतंय तुला?"

"आजोळ न्हाय व्हय माझं चिकोडीकडं."

त्यानं बैलांना चुचकारलं. मी मनात म्हटलं, विसर आता. गाडी अजून थोडी पुढं गेली.

"त्ये होट्टे का काय म्हनालास, त्ये काय?"

"होट्टे म्हंजे पोट."

"पोटाचं काय?"

"दुखत हुतं म्हनालो."

"कवा?"

मी धोतराची धूळ झटकू लागलो. अण्णानं बोटांवर काहीतरी हिशेब केल्यासारखं केलं. बसरा, तंबू, कांबळं, दूध. मला त्याच्या चेहऱ्यावर एकेक दिसत गेलं. दुधाशी येऊन तो थांबला.

"तू हुतास तितं," म्हणाला. "उबा हुतास. धुळीचा."

"व्हय."

"तीस वर्सं मी उंबऱ्यावर पाय बदलला, आनि तू कट्ट्यावर बसून बगत हुतास."

"अण्णा, पेन्शन तर वाढलं न्हवं? एक पाय सरकारनं मोडला, दुसरा मी. माझाच भारी ठरला."

त्यानं काठी उचलली. सागवानी, खाली लोखंडी टोपण, फौजेनं दिलेली. दोन्ही पाय गेलेला माणूस, पण हात बघा! काठी आली ती माझ्या डाव्या पोटरीवर, बरोब्बर त्या जागेवर, जिथं खेचर नसतं तर गोळी बसायची होती. तीस वर्षं उशिरा आली, पण आली. मी गाडीतून असा उडालो की बैलांना वाटलं ओझं उतरलं, आणि ती पळत सुटली.

उरलेली वाट मी चालत आलो. लंगडत.

वेशीवर कट्टा भरला होता. अण्णाची गाडी पुढं आलीच होती, त्याला सगळ्यांनी गराडा घातला होता, दोन्ही पायांचं ऐकून कुणी पेढे मागवायला निघालं होतं. वहिनीनं डोळ्यांना पदर लावला होता. नव्या शहापुरी लुगड्याचा. मला बघून कुणीतरी ओरडलं, "आलं, आलं! मागनं आलंच! आनि ह्यास्नी काय झालं? ह्ये बी लंगडालेत!"

"गोळी," मी म्हणालो.

सगळे हसले. अण्णासुद्धा हसला, आणि कसा हसला ते मला अजून आठवतं, कारण त्या हसण्यात त्यानं दात दाखवले आणि डोळे मात्र माझ्या पोटरीवर ठेवले होते.

घरी आमच्या मंडळीनं चुलीवर एरंडाचं पान शेकलं. शेकता शेकता तिनं वाढलेल्या पेन्शनचं सगळं ऐकून घेतलं. मग पान हातात घेऊन माझ्यासमोर बसली आणि विचारलं, "कुटला पाय?"

"डावा," मी म्हणालो. आणि पुन्हा घोळ नको म्हणून कन्नडमध्येही सांगितलं.